चिंध्यांच्या बाहुल्या आणि भयाचा पडदा

नव्या इमारतीच्या दारावर किंवा मालमोटारीच्या पुढच्या पट्टीला टांगलेली काळी बाहुली आपण सर्वांनी पाहिलेली आहे. मूठभर चिंध्या, काळा दोरा आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, एवढेच तिचे भांडवल. बाजारात तिला फारशी किंमत नाही, आणि दृष्ट लागते या समजुतीवर विश्वास नसणारी माणसेही आज पुष्कळ आहेत. तरीदेखील अशी बाहुली सुटून रस्त्यावर पडलेली दिसली, की चांगली शिकलीसवरलेली माणसेही तिला पाय लागू नये म्हणून वळसा घेऊन जातात. कारण विचारले तर ती हसतील. पण वळसा मात्र घेतील. थोड्या पैशांत, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, बाहुल्यांच्या साहाय्याने भयपट कसा करता येतो हा माझा आजचा विषय आहे, आणि त्याचे निम्मे मर्म या वळशात आहे.

हा वळसा का घेतला जातो? अर्न्स्ट येन्ट्श या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1906 साली लिहिलेल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले, की समोरची वस्तू सजीव की निर्जीव याविषयी मनात संशय उभा राहिला म्हणजे एक विलक्षण अस्वस्थता उत्पन्न होते. मेणाचे पुतळे आणि यांत्रिक बाहुल्या ही त्याची उदाहरणे. 1919 साली सिग्मंड फ्रॉइडने हा धागा पुढे नेला. लहानपणी बाहुली जिवंत आहे असे आपण खुशाल मानतो, मोठेपणी ती समजूत टाकून देतो. आणि ही टाकून दिलेली समजूत खरी ठरते की काय असे एखाद्या क्षणी वाटू लागले, की अंगावर काटा उभा राहतो. म्हणजे बाहुलीजवळ स्वतःचे भय असे काहीच नसते. तिच्यात प्राण घालतो तो पाहणारा. देवळातील मूर्तीची प्राणप्रतिष्ठा पुरोहित करतो. पडद्यावरील बाहुलीची प्राणप्रतिष्ठा प्रेक्षकाला करावी लागते. तो ती करील अशी परिस्थिती निर्माण करणे, एवढेच चित्रपट करणाराचे काम होय. हे काम पैशाने होत नाही, आणि म्हणूनच ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाही ते करता येते.

सरकारी कचेरीत ज्यांची वर्षे जातात, त्या माझ्यासारख्यांना अंदाजपत्रकाची भाषा चटकन सुचते. बाहुलीपटाचे अंदाजपत्रक दोन रकान्यांचे असते: एक पैशाचा, दुसरा वेळेचा. पहिल्या रकान्यात आश्चर्य वाटावे इतकी काटकसर करता येते. बाहुलीला मानधन नको, चहा नको, तिच्या तारखा मिळवाव्या लागत नाहीत. तिचा वाडा पुठ्ठ्याचा, तिचे अरण्य वाळक्या काटक्यांचे आणि तिचा चंद्र म्हणजे टिपकागदाआडचा दिवा. पण पहिल्या रकान्यात जे वाचते ते दुसऱ्या रकान्यात व्याजासह वसूल होते. वेळ, चिकाटी आणि लक्ष यांत येथे काटकसर चालत नाही.

या कलेच्या आरंभीचीच एक हकीकत पाहा. लादिस्लास स्तारेविच हा पोलिश वंशाचा माणूस 1910 च्या सुमारास लिथुएनियातील कौनास येथील एका संग्रहालयात काम करीत होता. शिंगे असलेल्या भुंग्यांची झुंज त्याला चित्रित करावयाची होती. भुंगे निशाचर, दिवे लावले की ते स्वस्थ बसत. तेव्हा त्याने मेलेल्या भुंग्यांना बारीक तारेचे पाय मेणाने जोडले, ते पाय किंचित हलवावेत आणि एकेक चित्र घ्यावे असा क्रम धरला, आणि पडद्यावर भुंगे झुंजू लागले. पुढे रशियन राज्यक्रांतीनंतर तो फ्रान्समध्ये गेला, आणि पॅरिसजवळच्या आपल्या घरी, कुटुंबाच्या मदतीने बाहुलीपट करीत राहिला. 1933 च्या ‘फेतिश’ या त्याच्या चित्रपटात कापडी कुत्र्याची एक कथा आहे. गरीब शिवणकाम करणाऱ्या आईचा एक अश्रू त्या कुत्र्याच्या भुशात पडतो आणि तेच त्याचे हृदय बनते. आजारी मुलीसाठी संत्रे आणावयास निघालेला हा कुत्रा रात्री सैतानाच्या जलशात सापडतो, आणि तेथे जमलेली भुतावळ कसली? शहराने टाकून दिलेला कचरा, मोडकी खेळणी, हाडांचे सापळे. त्याच्या आधीच्या तीस वर्षांत भव्य देखाव्यांचे किती तरी चित्रपट निघाले आणि विस्मृतीत गेले. कचऱ्याची ही भुते मात्र आजही पाहवत नाहीत आणि नजर काढूनही घेववत नाही.

बाहुलीपटाच्या मुख्य वाटा दोन. पहिल्या वाटेत बाहुली हाताने, काठीने किंवा दोरीने चालवावयाची आणि कॅमेरा सरळ चालू ठेवावयाचा. ही विद्या आपल्या ओळखीची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी या गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी ही तिन्ही अंगे जतन केली. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. दूर तमिळनाडूत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ करणारी परंपरागत कुटुंबेही घरात मराठीचीच एक बोली बोलत आली आहेत. या कलावंतांना जे ठाऊक असते ते चित्रपट करणाराने प्रथम शिकावे. बाहुलीने सारखी हालचाल करता कामा नये. बोलणारी बाहुली हलते, ऐकणारी स्थिर राहते. आणि चालताना तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाही तर तिला वजन आहे असे कोणालाच वाटत नाही. चित्रीकरणासाठी देखावा छातीइतक्या उंच चौथऱ्यावर मांडतात, म्हणजे चालविणारा खाली उभा राहू शकतो. दोऱ्यावर काजळी फासतात, म्हणजे तो दिव्यात चमकत नाही.

दुसरी वाट स्तारेविचची. चित्रपटात दर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. प्रत्येक मुद्रा दोन चित्रांपुरती ठेवली, तरी सेकंदाला 12 मुद्रा लागतात. मिनिटाला 720, आणि दहा मिनिटांच्या चित्रपटाला 7,200. एका दिवसात 60 मुद्रा, म्हणजे पडद्यावरचे पाच सेकंद, अशी गती धरली, तर दहा मिनिटांना 120 दिवस हवेत. केवळ रविवारी सवड मिळणाऱ्या हौशी माणसाची सव्वादोन वर्षे त्यात जातील. हा हिशेब घाबरविण्यासाठी सांगत नाही. तो आधी केला, म्हणजे कथा आपोआप लहान होते, पात्रे दोन-तीनच उरतात, आणि जे उरते ते नीट होते.

आता बाहुलीच्या घडणीकडे वळू. सांगाडा ॲल्युमिनियमच्या दोन-तीन पदरी पिळलेल्या तारेचा करावा. ही तार हवी तशी वाकते आणि वाकवली तशी राहते. पण पुनःपुन्हा वाकवल्याने ती एके दिवशी आतून तुटते. यास्तव हातपायांचे जादा जोड आधीच करून ठेवावेत. डोके कागदाच्या लगद्याचे किंवा थर्माकोलचे असावे, कारण डोके जड झाले की मान दर चित्रागणिक किंचित खचते. डोळ्यांसाठी मणी बसवावेत; मण्याचे भोक हेच बुबुळ, आणि टाचणीच्या टोकाने ते हवे त्या दिशेस फिरविता येते. तळपायात नट बसवून मेजाच्या खालून स्क्रू पिळला, म्हणजे बाहुली एका पायावरही उभी राहते. कपडा मात्र जपून निवडावा. 1933 च्या ‘किंग काँग’ या प्रसिद्ध चित्रपटात त्या अजस्र वानराच्या अंगावरील केस सतत सळसळताना दिसतात. प्रत्येक चित्राच्या वेळी कारागिराची बोटे त्या केसांना लागत होती, त्याची ती खूण. तेथे ती शोभून गेली. आपल्या बाहुलीच्या पातळाला शोभेलच असे नाही.

खिडक्या पूर्ण झाकाव्यात, कारण ऊन सरकते आणि पडद्यावर दोन सेकंदांत सकाळची दुपार होते. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर बॅटरीवरचे दिवे वापरावेत. कॅमेरा म्हणून आज साधा मोबाइल फोनही चालतो. मात्र प्रकाश आणि रंग आपल्या मर्जीने बदलण्याची त्याची सवय आधी बंद करावी, तो ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, आणि हात न लावता चित्र घेण्याची सोय करावी.

येथवर सांगितले ते हस्तकौशल्य झाले. त्याने बाहुली हलेल. ती भिववीलच असे नाही. भय निर्माण करणाऱ्या युक्त्या निराळ्या आहेत, आणि योगायोग असा, की त्या सगळ्या काटकसरीच्याच आहेत. बाहुलीचा चेहरा बदलत नाही ही तिची उणीव वाटते. पण रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याचा 1920 च्या सुमारास केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने अन्नाच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडून दाखविला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. बाहुलीचा चेहरा असाच कोरा कागद आहे. तिच्या अलीकडे आणि पलीकडे काय ठेवता, त्यावर ती प्रेमळ की क्रूर हे ठरते. दिवा खालून आला तर तेच ओठ छद्मी दिसतात. डोळे सावलीत गेले तर ती आपल्याकडेच पाहते आहे असे वाटते. जपानच्या बुनराकु या बाहुलीनाट्यात ‘गाबु’ नावाचे एक मस्तक असते. ते एका सुंदर तरुणीचे; पण आतली दोरी ओढली की तोंड कानापर्यंत फाटते, शिंगे वर येतात आणि ती राक्षसी होते. सारा परिणाम एका दोरीचा आणि एका क्षणाचा. ते मस्तक आरंभापासून राक्षसीचे असते, तर कोणी दचकले नसते.

दुसरी काटकसर दाखविण्याची. बाहुली जितकी जास्त वेळ उजेडात राहील, तितकी तिची शिवण दिसू लागते. अर्धवट उघडे दार, भिंतीवरची सावली, मघाशी खुर्चीवर असलेली आणि आता नसलेली बाहुली, एवढ्याने पुष्कळ काम होते. तिसरे साधन ध्वनीचे. नभोनाट्ये ऐकलेल्या श्रोत्यांना ध्वनीचे सामर्थ्य मी काय सांगावे? गाजर मोडल्याचा आवाज हाडाचा होतो, ओला कपडा पिळल्याचा आवाज त्याहून भयंकर कशाचा तरी होतो, आणि करवंटी फरशीवर टेकवली की कोणी तरी चालत येते. हे सारे स्वयंपाकघरात मिळते.

आपल्या साहित्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले आहेत. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. थोड्या भांडवलाचे बरेच भयपट पहिल्याच्या शोधात निघून दुसऱ्यात अडकतात, कारण लाल रंग स्वस्त असतो. रक्ताचा सडा पाहून प्रेक्षक तोंड फिरवितो. परंतु भ्यालेला माणूस तोंड फिरवीत नाही, तो पाहतच राहतो. हा भेद ज्याने ओळखला त्याचा अर्धा खर्च वाचला.

भयानकाचा आणखी एक शेजारी आहे, तो हास्यरस. बाहुली फसली की प्रेक्षक हसतो, ही या कलेतील नेहमीची धास्ती. मराठीत या धास्तीचाच उपयोग करून घेतल्याचे एक उदाहरण आहे. 1993 साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला. तात्या विंचू नावाच्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्रबळाने एका बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला येऊन पडतो शब्दभ्रमकार असलेल्या एका भोळ्या तरुणाच्या घरी. अमेरिकेत 1988 साली निघालेल्या ‘चाइल्ड्स प्ले’शी त्या कल्पनेचे नाते उघड आहे, पण बाहुला घडविला तो रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घरात ‘अर्धवटराव’ वडिलांच्या काळापासून बोलत आला आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरट नायक पाहून लोक हसत, आणि हसता हसता बेसावध झालेले असतानाच तो बाहुला मान वळवी. त्या वर्षांत लहान असलेली कित्येक मुले पुढे बराच काळ आपली खेळणी उलटी करून झोपली असतील. मोठ्या भाषांच्या चित्रपटांच्या मानाने मराठी चित्रपटाचे बळ तेव्हा बेताचेच होते. परंतु घरच्या कारागिरीचा असा नेमका उपयोग झाला, की पैशाची उणीव कोणाच्या ध्यानातही आली नाही.

वेळेचा रकाना किती लांबू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. डेव्हिड लिंच या तरुणाने 1972 साली ‘इरेझरहेड’ या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू केले. जवळ होते ते एका चित्रपट-संस्थेचे 10,000 डॉलरचे अनुदान. ते संपले तेव्हा त्याने वर्तमानपत्रे टाकण्याचे काम धरले, आणि चित्रपट 1977 साली पुरा केला. त्यातील आजारी, न माणसाचे न जनावराचे असे अर्भक म्हणजे एक बाहुलीच. ती कशाची केली होती हे लिंच यांनी कोणासही सांगितले नाही. 2025 साली ते वारले, तोवर हे मौन त्यांनी पाळले. शिवण न दाखविण्याचा नियम इतक्या निष्ठेने क्वचितच कोणी पाळला असेल.

तथापि कौशल्य आणि चिकाटी असूनही एक प्रश्न उरतोच. हे सारे भय कशासाठी? घटकाभर दचकणे आणि मग घरी जाऊन झोपणे, एवढाच हेतू असेल तर एवढी वर्षे कोणी का वेचावीत? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर दक्षिण अमेरिकेतील चिली या देशातून आले. पाउल शेफर नावाच्या जर्मन माणसाने 1961 साली तेथे ‘कोलोनिया डिग्निदाद’, म्हणजे प्रतिष्ठेची वसाहत, स्थापन केली. बाहेरून ती कष्टाळू, धार्मिक आणि गाणारी वस्ती दिसे. आत मुलांना आईबापांपासून तोडले जाई आणि त्यांच्यावर अत्याचार होत. आणि 1973 च्या लष्करी उठावानंतर पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी राजकीय कैद्यांच्या छळासाठी ती जागा वापरली. शेफर 2005 साली पकडला गेला आणि 2010 साली तुरुंगात मेला.

क्रिस्तोबाल लेओन आणि होआकीन कोसिन्या या दोन चिली कलावंतांनी या वसाहतीच्या आधाराने ‘ला कासा लोबो’, म्हणजे ‘लांडग्याचे घर’, हा बाहुलीपट केला. तो 2018 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविण्यात आला. त्यांच्याजवळ स्वतःचा स्टुडिओ नव्हता. त्यांनी निरनिराळ्या देशांतील संग्रहालये आणि कलादालने यांच्या खोल्या मागून घेतल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत कित्येक वर्षे काम केले. साहित्य कोणते? कागदाचा लगदा, चिकटपट्टी, पुठ्ठा आणि भिंतीवरचा रंग. वसाहतीतून पळालेली मारिया ही मुलगी एका ओसाड घरात दोन डुकरांसह आसरा घेते. ती डुकरे हळूहळू मुले बनतात. आणि बाहेरून लांडग्याचा गोड आवाज येत राहतो. चेहरा आधी भिंतीवर रंगविला जातो, मग भिंतीतून बाहेर येऊन माणूसभर उंचीची बाहुली होतो, आणि पुन्हा चिकटपट्ट्या लोंबत मोडून पडतो. सुमारे सव्वा तास हे अखंड चालते. आणि सर्वांत भीषण गोष्ट ही, की तो चित्रपट त्या वसाहतीनेच आपली अपकीर्ती धुऊन काढण्यासाठी काढला आहे, असा बहाणा आरंभी केलेला आहे. येथे लांडगाच सांगतो, की माझे घर किती सुरक्षित आहे.

येथे चिकटपट्टी लपविलेली नाही. मघाशी सांगितलेला नियम या दोघांनी जाणूनबुजून मोडला, आणि तो मोडण्याचा अधिकार त्यांना होता. कारण ज्या जागेत माणसांना मोडून पुन्हा हवे तसे घडविले गेले, तिची कथा मोडणाऱ्या आणि पुन्हा घडणाऱ्या बाहुल्यांनीच सांगावी हे योग्य होते. खऱ्या नटांनी तो छळ वठविला असता, तर आपण डोळे मिटले असते. बाहुली पाहताना आपण डोळे उघडे ठेवतो, आणि मग उशिरा लक्षात येते, की हे खरोखरच घडले आहे.

म्हणून कोणी तरुण मला विचारील, की थोड्या पैशांत असा चित्रपट काढावयाचा तर आरंभ कोठे करू, तर तार आणि कागदाच्या आधी मी त्याला एक प्रश्न विचारीन: आपल्याला स्वतःला कशाचे भय वाटते? युरोपातील किल्ले आणि वटवाघळे उसनी आणता येतात. भय उसने आणता येत नाही. आटलेली विहीर, रात्री परत न आलेला माणूस, सर्वांना ठाऊक असलेली पण घरात कोणी न उच्चारलेली गोष्ट, यांपैकी जे त्याचे असेल ते त्याने घ्यावे. मग पिंगुळीसारख्या ठिकाणी जाऊन, बाहुलीचा पाय जमिनीला कसा टेकवतात हे ज्यांच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांच्यापाशी काही दिवस बसावे. ही बोटे थोडी उरली आहेत, आणि त्यांना काम हवे आहे. पहिला चित्रपट तीन मिनिटांचा करावा: 2,160 मुद्रा, दोन पात्रे, एक खोली आणि एक दार. ते दार किती उघडावयाचे, हा निर्णय मात्र त्याने घाईने घेऊ नये.